टचअप नावाचा ताप

आमच्या देवळाली कॅम्पाने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे. ज्याचे डोके फिरले त्याला साहेब लोक ‘डूलॅली’ म्हणतात. इंग्रजी अमदानीत मुदत संपलेले गोरे सोल्जर इथल्या छावणीत मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत पडून राहत. हाताला काम नाही, डोक्यावर ऊन आणि बोटीचा पत्ता नाही. त्यातल्या काहींचे चित्त थाऱ्यावर राहत नसे. मग त्याला ‘डूलॅली टॅप’ झाला असे म्हणत. ह्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप! गावाची ही कीर्ती मी इतके दिवस इतिहासात जमा धरली होती. अडीच वर्षांपूर्वी मी डोक्यावर केस लावून घेतले, आणि नुसत्या वाट पाहण्याने माणूस डूलॅली कसा होतो ते मला घरबसल्या समजले.

कारण लावलेले केस आधी गळतात. महिन्याभरात बहुतेक सगळे उशीवर. हे अगोदर सांगितलेले असते; पण पैसे देऊन आणलेली वस्तू डोळ्यांदेखत गळताना पाहणे वेगळे. मग तीन-चार महिने काही नाही. मग लव. खरा निकाल वर्षाने, कधी त्याहूनही उशिरा. ते वर्ष मी आरशासमोर उभा राहून बोटीची वाट पाहण्यात काढले.

बोट आली, नाही असे नाही. कपाळावर झालर उगवली. लग्नाच्या फोटोतल्या माणसाशी थोडेफार साम्य जमू लागले. पण गेल्या पावसाळ्यात ध्यानात आले, की झालरीच्या मागचे माझे स्वतःचे, वडिलोपार्जित केस हळूहळू काढता पाय घेत आहेत. पुढे नवी वसाहत आणि मागे ओसाड गाव! पंख्याखाली बसलो की झालर एकटीच हलते.

म्हणून नाशकातल्या एका केशरोपण केंद्रात चौकशीला गेलो. समोर हसतमुख मुलगी होती. तिने माझ्या डोक्याचे चार फोटो काढले आणि म्हणाली, “सर, टेन्शन घेऊ नका. एक छोटासा टचअप करून टाकू. आठशे ग्राफ्ट्स.”

वाचकहो, माझे भांडण आहे ते ह्या शब्दाशी. टचअप! हा शब्द मी आजवर दोन ठिकाणी ऐकला होता. एक फोटो स्टुडिओत, आणि दुसरा मोटारच्या गॅरेजात, जिथे ओरखड्यावर रंग मारतात. आता टचअप म्हणजे काय ते ऐका. डोक्याच्या मागच्या कातडीत सुमारे मिलिमीटरभर तोंडाची गोल सुरी आठशे वेळा रोवायची, आठशे मुळे अलगद काढायची, वर आठशे छेद पाडायचे आणि त्यांत ती खोचायची. म्हणजे सुया टोचून बधिर केलेल्या डोक्याला एकूण सोळाशे भोके. सोळाशे भोकांना टचअप म्हणायचे असेल, तर अपेंडिक्सच्या ऑपरेशनला पोटाला गुदगुल्या म्हणायला काय हरकत आहे?

शब्द लहान केला की माणूस प्रश्न विचारीत नाही, हीच त्यातली मेख. मार्च २०१९ मध्ये मुंबईतला एक व्यावसायिक असेच केस लावून घेतल्यावर दोन-तीन दिवसांत दगावला. वर्तमानपत्रांत साडेनऊ हजार केसांचा आकडा आला होता. पुढे २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाला लेखी बजावावे लागले, की यूट्यूबवर पाहून हे काम शिकल्याचे धरता येणार नाही. ज्या गोष्टीसाठी सरकारदरबारी असे लिहावे लागते, ती गोष्ट ‘करून टाकण्या’तली नव्हे.

शास्त्र तर साफ आहे. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइश ह्यांनी १९५२ साली हा उद्योग केला आणि १९५९ साली त्याचे तत्त्व मांडले. मागच्या बाजूचे टिकाऊ केस पुढे नेऊन लावले तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत. सासरी गेलेल्या मुलीला माहेरचे वळण राहते तसे. ठीक. पण ह्याची दुसरी बाजू कोणी मोठ्याने सांगत नाही. जे केस जायचेच आहेत, तेही आपला स्वभाव सोडत नाहीत! रोपणाने टक्कल थांबत नाही. ते आपल्या चालीने चालतच असते. ते थोपवायला औषधे आहेत. पण ती डॉक्टरला विचारून घ्यायची आणि घेत राहायची. सोडली की ये रे माझ्या मागल्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. ह्या सगळ्या खटाटोपात एकही नवा केस जन्माला येत नाही. ही भरती नव्हे, बदली! मागच्या बाजूचा साठा म्हणजे प्रॉव्हिडंट फंड. एकदा काढला की तिथे पुन्हा उगवत नाही. पन्नाशीत झालरीसाठी अर्धा उचलला आणि आता टचअपला आणखी उचलला, तर पासष्टीला काय उचलणार?

मी त्या मुलीला विचारले, “मागे किती शिल्लक आहेत?”

“भरपूर आहेत सर.”

भरपूर! सोनाराने ‘भरपूर सोनं आहे’ म्हणून बांगडी हातात ठेवली तर आपण घेऊ?

“सुरी कोणाच्या हातात असणार?”

“आमची टीम आहे ना सर. डॉक्टर सुपरव्हाइज करतात.”

“डॉक्टर भेटतील?”

“त्या दिवशी भेटतील सर. पण अक्षय्य तृतीयेची ऑफर आहे, आज बुकिंग केलंत तर बरं.”

अक्षय्य काय, तर ऑफर. केस नव्हेत.

आता टचअप म्हटला की तो खोटाच, असे माझे म्हणणे नाही. वर्ष-दीड वर्ष उलटूनही लावलेल्या जागी विरळ पट्टा राहिला, डॉक्टरने स्वतः भिंगाखाली मागचा साठा पाहिला आणि उद्याचे टक्कल कुठवर जाईल ह्याचा अंदाज घेतला, तर दुसरी बैठक खुशाल घ्यावी. टकलाची हौसेने थट्टा करणाऱ्यांचाही मी पक्षपाती नाही. ज्याचे जाते त्यालाच कळते. पण मग तिला शस्त्रक्रिया म्हणा, आणि तीन गोष्टी कागदावर लिहून द्या: आजवर किती काढले, किती उरले, आणि सुरी कोण धरणार. वाण्याचे बिलसुद्धा ह्याहून तपशीलवार असते.

घरी येऊन हे सगळे सांगितले. सौ. कांदा चिरत होती. म्हणाली, “अहो, सतरंजी इकडून तिकडे सरकवली की भोक झाकतं, पण सतरंजी वाढते का?” एवढे मोफत मिळत असताना मी नाशिकपर्यंत रिक्षाचे पैसे घातले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅम रोडने चाललो होतो. तोफखान्याची पोरे पळत चालली होती. एकेकाच्या डोक्यावर मोजून दोन आठवड्यांचे केस. कोणाचा भांग कुठे, कोणाचे कपाळ किती, काही कळत नव्हते. आणि सगळी कशी रुबाबदार दिसत होती! तिकडे रामकुंडावर देशभरची माणसे येऊन केस देऊन जातात, इथे गावभर फौजी कट, आणि ह्या दोहोंच्या मधे मी एकटा आठशे मुळांचा हिशेब करीत फिरत होतो. डूलॅली म्हणतात ते आणखी काय असते?

तसाच सलूनमध्ये शिरलो. आमच्या सलूनवाल्याने झालर वर उचलून पाहिली, मागे पाहिले आणि काही न विचारता मशीन हातात घेतले.

“बारीक मारू का साहेब? पुढचं-मागचं एक दिसंल.”

“मारा.”

पाच मिनिटांत वसाहत आणि ओसाड गाव एकाच उंचीचे झाले. ऐंशी रुपये दिले.

“पंधरा दिवसांनी या,” तो टॉवेल झटकत म्हणाला, “टचअपला.”

जाणार आहे. हा चुकला, तर पुन्हा उगवतो तरी.