ज्याच्या त्याच्या भाषेत

ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी, पेंटेकॉस्टच्या रविवारी, चर्चमध्ये 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाचा दुसरा अध्याय वाचला जातो. सोसाट्याच्या वाऱ्यासारखा नाद होतो, शिष्यांवर अग्नीच्या जिभा उतरतात. चित्रकारांनी हा अग्नी पुष्कळ रंगवला. मला त्यापुढचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. जेरुसलेमला जमलेल्या पार्थी, मेदी, एलामी, रोमी, अरबी अशा लोकांना गालीलच्या त्या साध्या माणसांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले.

'उत्पत्ती'त बाबेलच्या बुरुजापाशी भाषा फुटल्या आणि माणसे पांगली. त्यावर उतारा म्हणून सर्वांची पुन्हा एकच भाषा करता आली असती. तसे झाले नाही. भाषा अनेकच राहिल्या. ऐकणाऱ्यापर्यंत जाण्याचे काम बोलणाऱ्याकडे आले.

थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ते काम गोव्यात केले. १६१६ साली त्याचे क्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापून निघाले. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सामान्य बायकांनाही कळेल अशा मराठीत बायबल आणले.

बँकेच्या नोकरीत मी कर्जाच्या कागदांवर अंगठा उठवणारी कितीतरी माणसे पाहिली. कागद इंग्रजी, फेड मात्र त्यांची. सही, साक्षीदार, शिक्का, सारे कायद्याला धरून. यातले तुम्हाला काय समजले, एवढेच विचारायचे राहून जाई. दवाखान्यात, कोर्टात आजही हेच चालते.

म्हणूनच हा अध्याय ख्रिस्ती नसलेल्यांनीही वाचावा. समोरच्याला कळेपर्यंत आपले सांगणे पुरे झालेले नसते.