आधी कातडी, मग प्लेट

‘दोन दिवस झाले, अजून ऑपरेशन का नाही?’ अस्थिरोग वॉर्डात कुणाचा तरी भाऊ, कुणाचे तरी काका हा प्रश्न विचारत असतातच. विचारतात ते काळजीपोटीच. पण घोट्यालगत नडगीच्या हाडाचा चुरा झाला असेल, तर ही घाई रुग्णाच्या मुळावर येऊ शकते.

नडगीच्या आतल्या बाजूने बोट फिरवून पाहा. कातडीखाली थेट हाड लागते. मांसाचे आवरण नाहीच. उंचावरून पडल्यावर किंवा मोटारसायकलच्या धडकेत सांध्याचा पृष्ठभाग फुटतो. काही तासांत पाय टम्म सुजतो, पाण्याचे, कधी रक्ताचे फोड येतात. तिथे लगेच मोठी चीर दिली, तर टाके उसवतात, प्लेट उघडी पडते, पू होतो. काहींचा पायच गमवावा लागतो.

१९६९ साली स्वित्झर्लंडच्या रुएडी आणि आल्गोवर यांनी सांधा तंतोतंत जुळवून प्लेट बसवण्याची पद्धत मांडली. त्यांचे बरेच रुग्ण स्कीइंग करताना पडलेले होते. गुण चांगला आला. रस्त्यावरच्या जबर अपघातांनाही तीच पद्धत तातडीने लावली, तेव्हा मात्र जखमा चिघळू लागल्या. त्या अनुभवातूनच दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया रूढ झाली.

पहिल्या टप्प्यात हाडात पिना घालून बाहेरून सळयांची चौकट, म्हणजे एक्स्टर्नल फिक्सेटर, लावतात. पायाची लांबी टिकते, सूज उतरू लागते. मग सीटी स्कॅन होतो. सर्जन घोट्याभोवतीची कातडी पुन्हापुन्हा तपासतात. ती ताणलेली, चकाकणारी असेल तर थांबतात. बारीक सुरकुत्या दिसू लागल्या, फोड सुकले, की प्लेटची वेळ येते. यात साधारण एक ते तीन आठवडे जातात.

काही गोष्टींत मात्र क्षणाचाही विलंब नको. हाड बाहेर आले असेल, तर अँटिबायोटिक ताबडतोब सुरू करून जखम थिएटरमध्ये धुवावीच लागते. निखळलेला सांधा लगेच बसवायचा असतो. बोटे हलवताच असह्य कळ येत असेल, तर स्नायूंतला दाब वाढल्याची शंका घेऊन धावावे लागते.

म्हणून दोन मागण्या. फिक्सेटर आणि तो लावणारा सर्जन प्रत्येक जिल्हा रुग्णालयात चोवीस तास हवा, म्हणजे मोठ्या शहरात पाठवण्याआधी पहिला टप्पा तिथेच उरकेल. आणि थांबण्याचे कारण डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी नातेवाइकांना बसवून सांगावे. ते न कळल्यामुळेच घरचे लोक रुग्णाला उचलून ‘आजच करतो’ म्हणणाऱ्याकडे नेतात, आणि जो पाय वाचू शकला असता तो धोक्यात येतो.