प्रपंचांतील विज्ञान : मोटारीचा आळलेला रंग

मोटारगाडी घरीं आली कीं तिच्या अंगावर ओरखडा हा केव्हां ना केव्हां उमटावयाचाच. फाटकाची कडी लागते, रस्त्यावरचा खडा उडून बसतो, शेजारच्या गाडीचें दार आदळतें. ओरखडा वरच्या थरापुरताच असेल तर तो केवळ दृष्टीस सलतो. परंतु तो पत्र्यापर्यंत पोंचला असेल तर तेथें गंज धरतो व भोंवतालच्या चांगल्या दिसणाऱ्या रंगाखालीं पसरत जातो. मुंबई, कोंकण, गोवें येथील खाऱ्या, दमट हवेंत तर त्यास मुळींच विलंब लागत नाहीं. म्हणून डाग लहान आहे तोंच तो बुजविणें श्रेयस्कर. त्यासाठीं गाडीच्याच रंगाची लहानशी कुपी पुष्कळांच्या घरीं असते. मात्र गरजेच्या दिवशीं उघडून पाहावें तों आंतील रंग काकवीसारखा आळलेला! ती कुपी राखावी कीं टाकावी, याचा आज विचार करूं.

वैद्य प्रथम रोग साध्य कीं असाध्य हें पाहतो. येथेंहि तोच क्रम योग्य होय. रंग दोन प्रकारांनीं घट्ट होतो. एका प्रकारांत त्यांतील द्रावक तेवढें उडून जातें, रंगद्रव्य व त्यास धरून ठेवणारी राळ जशीच्या तशी राहते. दुसऱ्या प्रकारांत राळेचे कण रासायनिक क्रियेनें एकमेकांशीं कायमचे बांधले जातात. हार्डनर मिसळून वापरावयाचे रंग व हवेंतील प्राणवायु घेऊन सुकणारे तेलाचे एनॅमल हे या जातीचे. वाळलेला गूळ पाण्यांत विरघळतो, परंतु विरजलेल्या दह्याचें पुनः दूध होत नाहीं; तसाच हा भेद आहे.

अमेरिकेंत १९२३ च्या सुमारास मोटारींसाठीं 'ड्युको' हा नायट्रोसेल्युलोजचा रंग निघाला. तो केवळ द्रावक उडून सुकत असल्यानें, ज्या रंगकामास पूर्वीं आठवडे लागत तें तासांवर आलें. आपल्याकडील गॅरेजांतून तें नांव अद्याप ऐकूं येतें, आणि दुकानांत मिळणाऱ्या 'एनसी थिनर' मधील आद्याक्षरें त्याच नायट्रोसेल्युलोजचीं आहेत. आजच्या कुप्यांत बहुधा ॲक्रिलिक लॅकर असतें, पण सुकण्याची रीत तीच. तरी कुपीवर जें थिनर सांगितलें असेल तेंच घ्यावें. रॉकेल किंवा टर्पेंटाइन घालूं नये. त्यानें लॅकर फाटतें.

परीक्षा सोपी आहे. झांकणाच्या कडेचा वाळलेला कण कांचेच्या तुकड्यावर घेऊन त्यावर थिनरचा एक थेंब टाकावा व दहा मिनिटें थांबावें. कण मऊ होऊन सारखा पसरला तर रंग साध्य समजावा. तो नुसता फुगला, सुरकुतला अगर त्याचा चुरा झाला तर कुपीचा मोह सोडावा.

साध्य रंगांत ड्रॉपरनें पांच-सहा थेंबच थिनर घालावें, झांकण घट्ट लावून दोन-तीन मिनिटें हलवावें व थोडा वेळ ठेवावें. फार घट्ट असल्यास रात्रभर राहूं द्यावें. तळाशीं बसलेलें रंगद्रव्य काडीनें खरवडून वर आणावें. चकाकीच्या रंगांतील धातूचे कण तर विशेषेंकरून तळ गांठतात. काडी उचलतांच रंगाची तार न निघतां थेंब सुटा पडूं लागला कीं थांबावें. घातलेलें थिनर काढून घेतां येत नाहीं, आणि अति पातळ रंग डाग झांकीत नाहीं.

लावण्यापूर्वीं जागा धुऊन, मेण काढून, कोरडी करावी. गंज बारीक पॉलिश पेपरनें घांसावा. पत्रा उघडा असेल तेथें प्रथम प्रायमर द्यावा. मग बारीक कुंचल्यानें किंवा दांतकोरण्याच्या टोंकानें दोन-तीन पातळ थर द्यावे व मध्यें प्रत्येक थर वाळूं द्यावा. एकच जाड थर वरून सुकतो व आंत ओला राहतो. पावसाळी दिवशीं हें काम करूं नये. द्रावक उडतांना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेंतील बाष्प जमतें व रंग पांढुरका पडतो. गाडी पूर्वीं पुन्हां रंगविलेली असेल तर तिच्या जुन्या थरासहि थिनर विरघळवूं शकतें. आधीं आडबाजूस थेंब लावून पाहावा.

आतां गृहिणींनीं अवश्य ध्यानांत ठेवण्याची गोष्ट. थिनरची वाफ हवेपेक्षां जड असते. ती जमिनीलगत पसरून दूरच्या ज्योतीपर्यंत पोंचते व पेट घेते. म्हणून स्वयंपाकघर, देवघरांतील समई, उदबत्ती यांच्या जवळपास हें काम सर्वथा करूं नये. उघड्या गच्चींत करावें. ही वाफ हुंगणें मेंदूस अपायकारक आहे. थिनर औषधाच्या किंवा पाण्याच्या बाटलींत कधींहि भरून ठेवूं नये; मूळ डब्यांतच, मुलांच्या हातास न लागेल असें ठेवावें. उरलेलें मोरींत ओतूं नये. कुपीचें तोंड मात्र पुसूनच झांकण लावावें, म्हणजे वारा आंत शिरत नाहीं व पुढच्या ओरखड्यास ती उपयोगी पडते.