धुराचे वजन



ऊस तुटला की आपल्या मंठाळ परिसरात पाचट पेटते. संध्याकाळी धूर गावावर उतरतो आणि आपण म्हणतो, "धूरच तो, वाऱ्याने जाईल." पण वाऱ्याबरोबर जाण्याआधी त्यातले पुष्कळसे आपल्या छातीत जाते. हे कण अडीच मायक्रोमीटरहूनही लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागापेक्षा बारीक असतात. ते नाकात अडकत नाहीत.

हे कण कशाचे, हे मास स्पेक्ट्रोमीटर सांगतो. ॲस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१९ साली असे यंत्र बनवले व १९२२ चे नोबेल मिळवले. हवा तपासणाऱ्या आजच्या यंत्रात कण बारीक छिद्रातून निर्वात पोकळीत शिरतात, सुमारे ६०० अंश सेल्सियस तापलेल्या पृष्ठभागावर आदळतात आणि त्यांची वाफ होते. वाफेवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून झालेल्या तुकड्यांचे वस्तुमान मोजतात. लाकूड किंवा पाला जळाला असेल, तर ६० वस्तुमानाचा तुकडा ठळक दिसतो. चोराच्या बोटाचा ठसाच म्हणा ना! माती व काजळी मात्र या उष्णतेला वाफ होत नाहीत, म्हणून या यंत्रातून सुटतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने महाबळेश्वरच्या आपल्या प्रयोगशाळेत अशी तपासणी केली आहे. इतक्या उंच, हिरव्या ठिकाणीही जळणाच्या धुराचा ठसा सापडला.

शेजारची कलबुर्गी व सोलापूर ही शहरे २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहेत. म्हणून दोष शहरातल्या गाड्यांना देऊन आपण मोकळे होतो. खेड्यात यंत्र नाही, याचा अर्थ खेड्यात धूर नाही असा होत नाही.

शेतकऱ्याला लगेच बोल लावणे बरोबर नाही. पाचट कुजवायला मजूर लागतो, वेळ लागतो. पण शाळेच्या आवारातला पालापाचोळा आणि कागद पेटवायला आपल्याला कोणती अडचण आहे? विश्वस्त मंडळींनी आवाराचा एक कोपरा खतखड्ड्यासाठी द्यावा. पाला आठवी-नववीची मुले गोळा करतील, आणि खत शाळेच्याच झाडांना घालता येईल. मुलांनी वर्गात प्रदूषणावर निबंध लिहायचा आणि खिडकीतून शाळेचाच धूर आत घ्यायचा, हे आता थांबले पाहिजे. पेटवणारा हात आपला आहे, हे ओळखायला कुठलेही यंत्र लागत नाही.