बोर्स कुणाचा यावर दोन राज्यं भांडली, हिऱ्याचा भाव मात्र यंत्राने ठरवला

नवापूर रेल्वे स्थानकावरचा बाक अर्धा महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातेत. तिकीट खिडकी नंदुरबार जिल्ह्यात, स्टेशन मास्तरांची खोली तापी जिल्ह्यात. नवखा प्रवासी बाकावर बसून फोटो काढतो. रोजचा प्रवासी पिशवी सांभाळत सुरतेच्या गाडीत चढतो, कारण त्याला हद्दीपेक्षा जागा मिळणं महत्त्वाचं असतं.

राज्याची हद्द इतकी पातळ असते हे ज्याला रोज दिसतं, त्याला हिऱ्यावरून मुंबई आणि गांधीनगर यांच्यात झालेलं भांडण ऐकून हसूच येईल. 'महाराष्ट्राचा हिरे बाजार गुजरातने पळवला' असं एक बाजू म्हणाली. 'कुणी काही पळवलं नाही, बाजार आपल्या पायांनी येतोय' असं दुसरी म्हणाली. बाजार कुणाच्या अंगणात बसवायचा यावर २०२३ आणि २०२४ ही दोन वर्षं सभा गाजल्या. त्याच दोन वर्षांत बाजारातल्या मालाचा भाव कोसळत होता, त्यावर सभेत टाळ्या पडत नाहीत.

पेंटॅगॉनपेक्षा मोठी इमारत

सुरत म्हटलं की मराठी राजकारणाचे कान टवकारतात, हे काही नवीन नाही. १६६४ आणि १६७० मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून गेले. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार सुरतेच्या हॉटेलात गेले, ते गुवाहाटीचा फेरा मारून राज्यातलं सरकार बदलूनच परतले. त्यामुळे १७ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी खजोदला सुरत डायमंड बोर्सचं उद्घाटन केलं, तेव्हा मुंबईत कुणाला झोप लागली नाही यात नवल नव्हतं.

इमारत आहेच तशी. ६७ लाख चौरस फूट बांधकाम, नऊ मनोरे, पंधरा मजले, चार हजारांहून जास्त कार्यालयं. ऐंशी वर्षं जगातली सगळ्यात मोठी ऑफिस इमारत म्हणून मिरवणारं अमेरिकेचं पेंटॅगॉन मागे पडलं. वांद्रे-कुर्ला संकुलातला भारत डायमंड बोर्स २०१० पासून सुरू आहे. तो या थोरल्या भावापुढे एकदम धाकटा दिसू लागला.

पण एक तारीख कुणी फारशी बोलून दाखवली नाही. हिरे व्यापाऱ्यांच्या संघटनांनी त्याच वर्षी १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर असे दोन महिने कच्चा हिरा परदेशातून आणायचाच नाही असं आपणहून ठरवलं होतं. कारण साधं होतं. तयार माल पडून, गिऱ्हाईक नाही, भाव घसरतोय. ही बंदी संपली आणि दोन दिवसांनी जगातल्या सगळ्यात मोठ्या हिरे बाजाराची फीत कापली गेली. दुकानात माल उठत नाही म्हणून शटर अर्धं खाली, आणि शेजारी त्याच दुकानाची भलीमोठी नवी शाखा, असा तो मुहूर्त होता.

बोर्सचे तेव्हाचे अध्यक्ष वल्लभभाई लखानी यांच्या किरण जेम्सने मुंबईचा गाशा गुंडाळून सुरतेत बस्तान हलवल्याच्या बातम्या आल्या. महाराष्ट्रात आरडाओरडा झाला. जानेवारी २०२४ मध्ये तीच कंपनी मुंबईला परत निघाल्याच्या बातम्या आल्या आणि लखानी अध्यक्षपदावरूनही उतरले. त्यांच्या जागी गोविंदभाई ढोलकिया आले. पळवलेला बाजार महिन्याभरात स्वतःच तिकीट काढून परत आला, तेव्हा आरडाओरडा करणारे दुसऱ्या विषयावर गेले होते.

हिरा यंत्रात बनतो कसा

भाव का घसरला हे समजायला थोडं विज्ञान लागतं, फार नाही. हिरा म्हणजे कार्बन. कोळसा आणि पेन्सिलीतलं शिसं ही त्याचीच गरीब भावंडं. जमिनीखाली दीडशे किलोमीटरपेक्षा खोल, प्रचंड दाबात आणि उष्णतेत, एक ते तीन अब्ज वर्षांपूर्वी कार्बनचे अणू घट्ट जुळले आणि ज्वालामुखीने वर फेकले, तो खाणीतला हिरा.

माणसाने हे काम १९५४ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत जमवलं. निसर्गासारखाच दाब आणि उष्णता यंत्रात निर्माण करायची, ही ती रीत. सुरतेत जास्त चालते ती दुसरी, सीव्हीडी. हिऱ्याची पातळ चकती, जिला 'सीड' म्हणजे बीज म्हणतात, ती बंद भट्टीत ठेवायची. मिथेन आणि हायड्रोजन वायू सोडायचे, मायक्रोवेव्हने तापवायचे. मिथेनमधला कार्बन सुटतो आणि बीजावर थरावर थर चढतो, दह्याला विरजण लावावं तसा. काही आठवड्यांत हिरा तयार. वीज सतत लागते आणि यंत्र महाग पडतं, पण अब्ज वर्षं थांबावं लागत नाही.

हा नकली हिरा नव्हे, ही गोष्ट इथे पक्की ध्यानात ठेवावी लागते. अमेरिकन डायमंड म्हणून बाजारात मिळतो तो झिर्कोनियाचा खडा, वेगळाच पदार्थ. यंत्रातला हिरा मात्र रसायनाने, कठीणपणाने, चमकेने खराच हिरा. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, त्यासाठी खास उपकरण लागतं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तर २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्दच काढून टाकला.

भेट व्हाइट हाउसला, भाव जमिनीवर

केंद्र सरकारने या यंत्रातल्या हिऱ्याला मनापासून कडेवर घेतलं. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात बीजावरची आयात ड्युटी काढली. आयआयटी मद्रासला संशोधनासाठी पाच वर्षांत सुमारे २४२ कोटी रुपये द्यायचं ठरलं. जूनमध्ये मोदी अमेरिकेला गेले, तेव्हा जिल बायडन यांना सुरतेत बनलेला साडेसात कॅरेटचा हिरा भेट दिला. टीव्हीवर दिवसभर सुरतच सुरत.

दीड वर्षाने अमेरिकी सरकारने भेटवस्तूंची यादी जाहीर केली. या हिऱ्याची किंमत तिथे लिहिली होती २०,००० डॉलर. बायडन कुटुंबाला त्या वर्षी मिळालेली ही सगळ्यात महाग भेट. पण साडेसात कॅरेटचा चांगला खाणीतला हिरा याच्या कित्येक पट महाग पडला असता. म्हणजे सगळ्यात महाग भेट आणि सगळ्यात स्वस्त हिरा, दोन्ही एकाच डबीत.

याच डबीत सुरतेची अडचणही होती. जी वस्तू यंत्रात हवी तितकी बनते, तिचा भाव टिकत नाही. टीव्ही संच आणि मोबाइल यांचं जे झालं तेच इथे झालं. जीटीआरआय या अभ्याससंस्थेने जुलै २०२४ मध्ये सांगितलं, की वर्षभरात यंत्रातला हिरा कॅरेटला ६०,००० रुपयांवरून २०,००० रुपयांवर आला. खाणीतल्या हिऱ्याचा एकेकाळचा राजा असलेल्या डी बिअर्सने २०१८ मध्ये 'लाइटबॉक्स' नावाने यंत्रातले हिरे ८०० डॉलर कॅरेटने विकायला काढले होते. २०२५ मध्ये तो धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं.

यात पूर्ण दोष यंत्राचा नाही. यंत्रातला हिराही घासावाच लागतो, पैलू पाडावेच लागतात. खाणीतला माल कमी झाला तेव्हा कित्येक कारखाने याच हिऱ्यावर चालू राहिले. चीनची मागणी आटली, रशियन हिऱ्यांवर जी-७ देशांनी २०२४ पासून बंदी घातली, हेही त्यातच. पण नगावर मजुरी मिळणाऱ्या माणसाला नगाचा भाव पडला की काय होतं, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

एक सही वॉशिंग्टनची

एवढं कमी होतं म्हणून की काय, ७ ऑगस्ट २०२५ पासून डोनाल्ड ट्रम्प यांनी भारतीय मालावर २५ टक्के आयात शुल्क लावलं आणि २७ ऑगस्टला ते ५० टक्के केलं. कारण सांगितलं रशियन तेलाचं. सुरतेच्या घंटीवर, म्हणजे हिरा घासायच्या चाकावर बसणारा माणूस रशियाकडून तेल घेत नाही, तो फार तर दुचाकीत पेट्रोल भरतो. पण भारताच्या हिरे-दागिन्यांच्या निर्यातीतला जवळपास तिसरा हिस्सा तोवर अमेरिकेला जात होता. असे आकडे एका सहीने चढतात आणि एका सहीने उतरतात. चढले की काम लगेच थांबतं, उतरले की लगेच सुरू होत नाही.

म्हणजे बोर्स सुरतेत असावा की मुंबईत, याचा निकाल काहीही लागो. भाव ठरतो भट्टीत, मागणी ठरते न्यूयॉर्क आणि शांघायमध्ये, शुल्क ठरतं वॉशिंग्टनमध्ये. दोन राज्यांच्या हातात उरतं ते एकच. घंटीवरच्या माणसाचं काय करायचं.

कर घेताना व्यावसायिक, हक्क देताना कुणीच नाही

आणि नेमकं तेच राहिलं. जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात असं अभिमानाने सांगितलं जातं. ते पाडणाऱ्याला गुजरातेत 'रत्नकलाकार' असा सुंदर शब्द आहे. २०१६ च्या दिवाळीत एका कारखानदाराने १,२६० मोटारी आणि ४०० फ्लॅट बोनस म्हणून वाटले, ती बातमी देशभर झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये किरण जेम्सने ५०,००० कामगारांना दहा दिवसांची सुट्टी दिली, कारण काम नव्हतं. ती बातमी दोन दिवस टिकली.

जुलै २०२४ मध्ये रत्नकलाकारांच्या संघटनेला आत्महत्या रोखण्यासाठी मदतीचा फोन क्रमांक सुरू करावा लागला. ३० मार्च २०२५ रोजी कतारगामहून मोर्चा निघाला, मागणी होती मजुरीत ३० टक्के वाढीची. मे महिन्यात गुजरात सरकारने मदत जाहीर केली: कामगाराच्या मुलाची एका वर्षाची फी, जास्तीत जास्त १३,५०० रुपये; छोट्या कारखान्यांना कर्जाच्या व्याजात सवलत आणि वर्षभर वीज शुल्क माफ.

मदत वाईट नाही, पण ती मिळवायला काम होतं आणि ते गेलं, हे दाखवावं लागतं. इथे गाडी अडते. हजारो छोट्या कारखान्यांत पगाराची पावती नाही, पीएफ नाही, हजेरीचा कागद नाही. गंमत अशी, की याच माणसाकडून महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो आणि तो रद्द करा ही संघटनेची जुनी मागणी आहे. म्हणजे कर घेताना सरकारला तो व्यावसायिक दिसतो आणि कामगार कायद्याचे फायदे द्यायची वेळ आली की दिसतच नाही. हिऱ्यातला केसाएवढा डाग शोधणारी उपकरणं ज्या शहरात आहेत, तिथे अख्खा माणूस नोंदवहीत सापडत नाही.

खानदेशाचा संबंध काय?

धुळे, नंदुरबार, जळगावचा वाचक म्हणेल, हिरा तर सौराष्ट्रवाल्यांचा, आपले लोक लूमवर आणि डाइंग मिलमध्ये. ढोबळमानाने खरं आहे. पण उधना, लिंबायत, डिंडोलीत पैसा जातीची वाटणी बघून फिरत नाही. घंटी थांबली की साडीचं गिऱ्हाईक कमी होतं, खोलीचं भाडं थकतं, रिक्षावाल्याचे फेरे घटतात. ५० टक्के शुल्क कापडालाही लागलं होतंच. आणि लूमवरच्या खानदेशी माणसाकडे तरी पगाराची पावती असते का, हा प्रश्न ज्याचा त्याने घरी विचारून बघावा.

राजकीय वजन नाही असंही नाही. नवसारीचे खासदार आणि केंद्रीय मंत्री सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. लिंबायतला मराठी आमदार आहेत. महाराष्ट्रातले नेते निवडणुकीत मराठी मतांसाठी सुरतेत सभा घेतातच. या सगळ्यांना मिळून एक साधी गोष्ट करता येईल: सुरतेत काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराची नोंद, मग तो अमरेलीचा असो की अमळनेरचा, आणि गावी परतला तरी दुसऱ्या राज्यात चालेल असा कामाचा दाखला. त्यासाठी ६७ लाख चौरस फूट लागत नाहीत. एक टेबल, एक संगणक आणि कारखानदाराला विचारायची हिंमत पुरते.

ते होईपर्यंत बोर्स कुणाचा यावर भाषणं होत राहतील. काम सुटलेला माणूस पिशवी घेऊन उधन्याहून गाडीत बसेल. नवापूरला गाडी हद्द ओलांडेल, बाकावर कुणीतरी फोटो काढत असेल. खिशात कागद नसलेल्या माणसाला बाकाच्या कुठल्या अर्ध्यावर बसलं तरी सारखंच.