देवाचा मक्ता कोणीं घेतला?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, देव सर्वत्र आहे असें सांगणारेच त्याच्या दाराशीं जकातनाकें कसें बसवितात, हें पाहावयाचें असेल तर यहुदी लोकांचें जुनें धर्मशास्त्र उघडा. त्यांतील निर्गम ग्रंथाचा विसावा अध्याय सांगतो कीं वेदी मातीची करा. दगडाची केलीत तर हत्यार लावूं नका. देव जेथें जेथें आपलें नांव चालवील तेथें तेथें येऊन आशीर्वाद देईल. किती स्वस्त धर्म! बांधावरची माती आणि कळपांतलें मेंढरूं.

आतां अनुवाद ग्रंथाचा बारावा अध्याय वाचा. हुकूम निराळाच! देव निवडील त्या एकाच ठिकाणीं होम, बळी व दशमांश न्यावे, इतरत्र नाहीं. खाण्यापुरतें जनावर गांवीं मारण्यास मोकळीक आहे. पूजेस तेवढी नाहीं. ठिकाण लांब पडलें तर माल विकून पैसा गांठीं बांधावा व तिकडे जाऊन खर्चावा. पिकलें गांवीं, बाजार भरला राजधानींत! दर तिसऱ्या वर्षींचा दशमांश गांवांतच विधवा व पोरक्यांस द्यावा असें तेंच शास्त्र सांगतें, तें आम्हांस मान्य आहे.

पण असा कायदा अमलांत आला कसा? इ. स. पूर्वीं सुमारें ६२२ सालीं, योशीया राजाच्या अमदानींत, यरुशलेमच्या देवळाची डागडुजी चालली असतां मुख्य याजक हिल्कीया यास एक ग्रंथ 'सांपडला'. पुष्कळ पंडित म्हणतात कीं तो या अनुवादाचाच गाभा. देऊळ पुजाऱ्याचें, ग्रंथ सांपडला पुजाऱ्यास, आणि फायदा कोणाचा, तें आम्हीं सांगावयास नकोच! राजानें गेबापासून बैरशेब्यापर्यंतचीं उंचस्थळें भ्रष्ट केलीं, आणि शोमरोनाकडील याजक त्यांच्याच वेद्यांवर कापले. गांवचा लेवी आला तर त्यास बरोबरीचा वांटा द्यावा, हें शास्त्रांत होतें. प्रत्यक्षांत उंचस्थळांच्या याजकांस यरुशलेमच्या वेदीवर चढूं दिलें नाहीं, बेखमीर भाकर तेवढी मिळाली. मोठा पुजारी लहान पुजाऱ्यासही सोडीत नाहीं!

नाईल नदींतील एलेफंटाईन बेटावरील यहुदी शिपायांचें मंदिर इ. स. पूर्वीं ४१० सालीं पाडलें गेलें. त्यांनीं यरुशलेमच्या मुख्य याजकास पत्र धाडलें, उत्तर नाहीं. पुढें सुभेदारांकडून अन्न व धूप वाहण्याची परवानगी मिळाली. होमबळीचा त्यांत उच्चार नाहीं.

इ. स. ७० सालीं रोमन फौजेनें तें एकमेव देऊळही जाळलें. बळी बंद पडले. धर्म बंद पडला काय? आमच्या कोंकणांत घाणा हांकणाऱ्या बेने इस्राएलांस शेजारी शनवार तेली म्हणत, कारण ते शनिवारीं घाणा जुंपीत नसत. जवळ वेदी नाहीं, बळी नाहीं. त्यांच्या शनिवारावर यरुशलेमच्या कोणत्या याजकाची सही होती?