ग्रामसभेची बांबूतोड चोरी नव्हे

मा. संपादक,

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीसाठी जंगम वस्तू, दुसऱ्याचा ताबा, संमतीचा अभाव आणि अप्रामाणिक हेतू हे सारे एकत्र लागते. ग्रामसभेच्या बांबूतोडीला सरसकट ‘वनचोरी’ म्हणणाऱ्या लेखात यातले पहिलेच काय ते टिकते. तोडलेला बांबू जंगम होतो, हे खरे. पण वनहक्क कायदा, २००६ बांबूला गौण वनोपज मानून त्याची मालकी हक्कधारकांना देतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला, वाहतूक परवान्यांचे पुस्तक २०११ मध्ये. मालकाकडे अप्रामाणिक हेतू कुठून येणार? धमकावून घेतले तर खंडणी, सोपवलेले लाटले तर विश्वासघात. इथे तेही नाही. हक्कक्षेत्राबाहेरची अवैध तोड हा वेगळा विषय. लेखातील विधानाची दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, ऊर्जानगर (चंद्रपूर)